खडकीतला मामा

मुलीला बाळ झालं तेव्हा जगभर दारं बंद होती. विमानं उडत नव्हती, आणि उडत असती तरी मी एकटा पुरुष तिथं जाऊन काय करणार होतो, हा प्रश्नच होता. तिची आई त्याच्या आधीच गेली होती. मी खडकीच्या फॅक्टरीतल्या स्टोअरमधून नुकताच निवृत्त झालो होतो आणि दिवसभर घरात फोन समोर धरून बसायचो. पलीकडून, आयर्लंडमधल्या एका लहानशा गावातून, मुलगी म्हणायची, "बाबा, तुम्ही उगाच काळजी करू नका. मावशी आहेत ना इथं."

मावशी म्हणजे तिची घरमालकीण. सत्तरीच्या आसपासची, खालच्या मजल्यावर एकटी राहणारी, पूर्वी शाळेत शिकवणारी बाई. मुलगी त्यांना पहिल्यांदा मावशी म्हणाली तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ विचारला होता. आईची बहीण, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग अशा वेळी तुमच्याकडे आईची बहीण काय काय करते ते मला सांग. मी ते करीन."

आणि त्यांनी ते केलं. बाळाला तेल लावायला शिकल्या. मुलीच्या डोक्याला रुमाल बांधून तिला गरम पाण्याची पिशवी द्यायच्या. डिंकाच्या लाडवांसाठी तर एक दिवस तिघांचा फोन जोडला गेला. त्या आपल्या स्वयंपाकघरात कढई घेऊन उभ्या, मी खडकीत, आणि मांजरी गावाहून माझी आई. आई सांगणार, मी त्याचं इंग्रजी करणार, आणि त्या मान डोलवत ढवळणार.

"डिंक काळा पडायला नको म्हनावं तिला. फुलला की लगेच काढ म्हनावं," आई म्हणाली.

मी सांगितलं. त्यांनी झारा कॅमेऱ्यासमोर धरला. डिंक पांढराशुभ्र फुलला होता.

"बाई हुशार हाय," आई म्हणाली. हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या लाजल्या.

पुढं केव्हातरी, नात रांगायला लागली तेव्हाची गोष्ट असेल, मुलीनं फोन त्यांच्या हातात दिला. "मावशींना तुमच्याशी बोलायचंय," म्हणाली. त्या जरा अवघडून बसल्या होत्या.

"आपण राहता त्या भागाला पूर्वी किरकी म्हणायचे का?"

मी म्हटलं, "हो, इंग्रजांच्या तोंडी किरकी. आम्ही खडकी म्हणतो."

"माझे मामा तिथं आहेत."

आहेत, असंच म्हणाल्या. कुणीतरी जिवंत म्हातारा कँटोन्मेंटात राहत असेल, असं मला क्षणभर वाटलं. मग उलगडा झाला. त्यांच्या आईचा एकुलता भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या लढाईला गेला, तिथून आजारी होऊन इकडं आला आणि इथल्या इस्पितळात वारला. खडकीच्या वॉर सिमेट्रीत त्याला पुरलं आहे. घरातलं कुणीही कधी तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

"आपल्याला जमलं तर एकदा बघाल का? फोटो नाही मिळाला तरी चालेल. कुणीतरी जाऊन आलं, एवढं मला पुरे."

वॉर सिमेट्रीच्या भिंतीकडेनं मी नोकरीभर सायकलवरून, मग स्कूटरवरून गेलो होतो. आत पाऊल टाकायचं काही कारण कधी पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून निशिगंधाची एक जुडी घेतली आणि गेलो. फाटकातून आत शिरलं की रस्त्याचा आवाज मागं राहतो. कातरलेलं गवत, आणि त्यात एकसारखे दगड, रांगेमागून रांग. माळ्याला नाव सांगितलं, मावशींनी कळवलेली रांग सांगितली. तो म्हणाला, "तुमचे कोण?" "मुलीकडचे," म्हटलं. त्यानं मान हलवली आणि दगड दाखवला.

दगडावर पलटणीचं चिन्ह होतं, पण पलटण इंग्रजी नावाची. नाव, दर्जा, तारीख, वय. वय वाचून थांबलो. माझ्या जावयापेक्षा लहान पोरगा होता तो. खाली क्रूस कोरलेला. हा माणूस आयर्लंडचा होता असं सांगणारी एकही खूण त्या दगडावर नव्हती.

मग शेजारचे दगड वाचू लागलो. प्रत्येकाच्या तळाशी घरच्यांनी लिहून पाठवलेली एक ओळ होती. आमचा लाडका. आईबाबांना तुझी आठवण येते. देव तुला सांभाळो. एका दगडावर तर नुसतं 'गुड नाइट, बेटा' अशा अर्थाचं काहीतरी होतं. ते वाचून मी बराच वेळ पुढं गेलोच नाही. आमच्या मामाच्या दगडाचा तळ मात्र मोकळा होता. झिजला म्हणावं तर तसंही नाही, तिथं कधी काही कोरलंच नव्हतं.

फुलं ठेवली, फोटो काढला आणि पाठवला. वाटलं, ती मोकळी जागा बाईंच्या मनाला लागेल. त्यांचा फोन लगेच आला. त्यांनी फोटो मोठा करून आधी तेच पाहिलं होतं.

"म्हणजे खरंच होतं ते," त्या म्हणाल्या. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं.

त्यांचे आजोबा, म्हणजे या मुलाचे वडील, तरुणपणी इंग्रजांशी लढलेले. डोंगरात लपले, तुरुंगात गेले, सोबतचे मित्र गमावले. गावाच्या चौकात त्या मित्रांच्या नावाचा दगड आहे आणि दरवर्षी तिथं फुलं वाहिली जातात. मुलगा मोठा झाला, गावात काम मिळेना, म्हणून समुद्र ओलांडून इंग्लंडला मजुरीला गेला आणि तिथून इंग्रजांच्याच फौजेत भरती झाला. वडिलांनी त्या दिवसापासून घरात त्याचं नाव घेतलं नाही. तो गेल्याची बातमी आली. लढाई संपल्यावर सरकारचा कागद आला, दगडावर काय कोरायचं ते कळवा म्हणून. आजोबांनी तो कागद चुलीत घातला.

"आजी काही बोलल्या नाहीत?"

"आजी त्यांना काय बोलणार? गावही त्यांच्याच बाजूचं. आमच्याकडं अशी मुलं घरोघरी होती हो. परक्या देशात, परक्यांच्या फौजेत गेलेली आणि तिथंच राहिलेली. त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. माझी आई मात्र बोलायची. गाईंची धार काढताना भावाशी बोलायची. बोलता बोलता तिनं त्याच्यावर एक कविता रचली. कधी लिहिली नाही, तोंडातच होती तिच्या. मला पाठ आहे."

"म्हणून दाखवा की," मी म्हटलं.

"इथून नको," त्या म्हणाल्या. "तिथं येऊन म्हणते."

त्या कधी येतील याची शाश्वती नव्हती. तोवर मी जात राहिलो. सकाळच्या फिरण्याची वाटच मी बदलली. नदीच्या बाजूनं जायचं, मामाला भेटायचं आणि बाजारातून भाजी घेऊन घरी. कधी शेवंती, कधी झेंडू, कधी नुसताच नमस्कार. फॅक्टरीतले एक जुने मित्र माझ्याबरोबर फिरायला यायचे. पहिल्या दिवशी ते दगडाकडं बघत उभे राहिले.

"कोण लागतो हा तुमचा?"

"मुलीच्या घरमालकिणीचा मामा."

"बरं. जवळचंच नातं आहे."

पण दुसऱ्या आठवड्यात तेही शेवंतीची दोन फुलं घेऊन आले. मला काही म्हणायची संधीच त्यांनी दिली नाही. फुलं ठेवली आणि क्रिकेटबद्दल बोलायला लागले.

दारं उघडल्यावरही बाईंना यायला वेळ लागला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. शेवटी एका डिसेंबरात मुलगी, नात आणि त्या अशा तिघी आल्या. विमानतळावर मी त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी हात पुढं केला. मग मी हात पुढं केला आणि त्यांनी नमस्कार केला. नात हसायला लागली. मग त्यांनी सरळ मला मिठीच मारली. आमच्या खडकीत या वयात अशी मिठी कुणी मारत नाही, पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिमेट्रीत गेलो, फिरायला येणारे माझे मित्रही बरोबर होते. त्यांनी निळा कोट घातला होता, उन्हात गरम होईल असं सांगूनही. "हा माझा चांगला कोट आहे," एवढंच म्हणाल्या. फुलं मी घेतली होती. त्या रिकाम्या हातांनी आल्या होत्या आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. "काय आणावं तेच कळेना. काय आणायचं असतं?"

माळ्यानं खुर्ची आणून ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत, मुलीचा हात धरून त्या हळूहळू गवतावर बसल्या, दगडासमोर, एखाद्याच्या बिछान्याशेजारी बसावं तशा. आणि बोलायला लागल्या. इंग्रजी नव्हे, त्यांच्या आयरिश भाषेत. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी काय चाललंय ते समजत होतं. त्या घरची खबर सांगत होत्या. मधेच एखादं नाव यायचं, मग त्या हातानं उंची दाखवायच्या, मग हात खाली पडायचा. कुणी जन्मलं, कुणी मोठं झालं, कुणी गेलं. एकदा त्या हसल्या. एकदा पुढं वाकून त्यांनी दगडावरची धूळ तळव्यानं पुसली.

नातीनं मला विचारलं, "आबा, ती कोणाशी बोलतेय?"

"तिच्या मामाशी."

"मामा ऐकतोय?"

"ऐकत असेल."

नात जाऊन त्यांच्याशेजारी बसली आणि तीही गंभीरपणे ऐकायला लागली.

बोलून झाल्यावर बाई थोड्या वेळानं ताठ बसल्या आणि त्यांनी आईची कविता म्हटली. आवाज शाळेतल्या बाईंचा, स्पष्ट. कविता छोटीच होती. मग त्यांनी ती मुलीला इंग्रजीत सांगितली, आणि मुलीनं तिथंच, गवतावर बसून, आम्हाला मराठीत सांगितली:

भाऊ, तू झोपलास त्या गावाचं नाव मला धड म्हणता येत नाही.
तिथं पाऊस पडतो का, आणि आपल्यासारखाच बारीक पडतो का?
तुझ्या पायथ्याशी कोण उभं राहतं?
बाबा तुझं नाव घेत नाहीत,
पण तुझी टोपी अजून खुंटीवर आहे,
आणि ती काढायची कुणाची छाती नाही.

माझे मित्र रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. मी मामाच्या दगडाकडं बघत होतो. तळाची ती मोकळी जागा मला इतके दिवस एखाद्या शिक्षेसारखी वाटत आली होती.

"यातली एखादी ओळ आता तिथं कोरून घेता येईल का? विचारून बघू या का आपण?" मी बाईंना म्हटलं.

त्यांनी विचार केला. "नको," त्या म्हणाल्या. "राहू द्या तशीच. तेही माझ्या आजोबांचंच लिहिणं आहे. त्यांना एवढंच लिहिता आलं."

त्या रविवारी आम्ही मांजरीला गेलो. आई माझ्या धाकट्या भावाकडं असते. आमच्या उसाच्या रानात आता इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत पाचव्या मजल्यावर भावाचा फ्लॅट आहे. आई दिवसभर गॅलरीत बसून आमची विहीर कुठं होती ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. पंचाऐंशीच्या घरातली, ऐकू कमी येतं, पण डोळे चांगले.

बाईंना पाहताच तिनं त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. "डिंकाचे लाडू केले तीच ना ही?" मग माझ्याकडं वळून, "कुंकू लावू का हिला? नवरा हाय का?"

मुलीनं विचारलं. बाई म्हणाल्या, लग्न केलंच नाही.

"मग लावते. कुमारिकेला चालतं," आई म्हणाली आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंच्या कपाळावर तिनं कुंकू टेकवलं. बाईंनी आरसा मागितला.

जेवणं झाल्यावर आई मला म्हणाली, "हिच्या मामाचं काय ते नीट सांग की मला. फोनवर काय कळलं न्हाई."

मी सांगितलं. चुलीत घातलेला कागद, गावातला दगड, सगळं. मुलीनं ती कविता पुन्हा म्हटली, आजीच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं. टोपीच्या ओळीला आईनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला झोप लागली.

मग ती म्हणाली, "आपल्या थोरलीचंबी आसंच."

थोरली म्हणजे वडिलांची चुलती. मी अगदी लहान असताना ती गेली. तिचा नवरा लढाईत गेला, एवढं घरात माहीत होतं. त्यापुढं कुणी कधी काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

"लगीन होऊन थोडेच दिस झालं हुतं. तो पलटनीत गेला. समिंदर वलांडून इटलीला गेला म्हनायचे. तार आली. मानसं म्हनाली, बये, कुंकू पूस. ती म्हनली, मला दावा त्याला, मग पुसते. कोन दावनार? ना माती, ना राख. तिनं काय कुंकू पुसलं न्हाई. मी लगीन होऊन आले तवाबी तिच्या कपाळाला हुतंच. लोक नावं ठेवायची. सासूबाई म्हनायच्या, तिला काय बोलू नगा."

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग काय. गिरनी आली हुती गावात, पर सणाचं पीठ ती जात्यावरच काढायची. मला बसवायची समोर. खुंट्याला माझा एक हात, तिचा एक हात. आन म्हनायची."

"काय म्हणायची?"

आईनं भिंतीकडं बघितलं. एक हात पुढं केला, खुंटा धरावा तशी मूठ वळली आणि हात हळूहळू गोल फिरायला लागला. मग आवाज फुटला, बारीक, पण सुरात:

दूरच्या गं मुलखात, कोण वाढी त्याला ताट
इथं भाकर थापिते, तवा बघतो गं वाट

परक्या गं भुईत, माझ्या कुंकवाची जागा
तिथल्या गं लेकीबाळी, त्याच्या उशाशी जागा

शेवटची ओळ तिनं दोनदा म्हटली. मग हात थांबला.

माझा भाऊ दारात उभा होता, त्याच्या हातात चहाचा ट्रे तसाच. आम्ही दोघं त्याच आईच्या पोटचे, पण हे कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "आई, हे तू आम्हाला कधी म्हणून का दाखवलं नाहीस?"

"तुमी कवा दळाय बसला?" आई म्हणाली.

बाई मुलीकडं बघत होत्या. मुलीला ते इंग्रजीत आणायला फार वेळ लागला. जागा म्हणजे ठिकाण, आणि जागा म्हणजे जागं राहा, हे तिनं दोन्ही हातांनी समजावलं. शेवटी म्हणाली, "ती तिथल्या बायकांना सांगतेय. माझा नवरा तुमच्या मातीत झोपलाय, तर तिथल्या मुलींनो, तुम्ही त्याच्या उशाशी जाग्या राहा."

बाईंनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं थोडं ओघळलं होतं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तिला सांगा, माझ्या मामाच्या उशाशी तुमचा मुलगा उभा राहिला."

मी मुलीकडं बघितलं. मुलीनं सांगितलं.

"बरं केलंस," आई मला म्हणाली आणि भावाला म्हणाली, "च्या निवतोय."

बाई परत गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या गावात एक नवीन दगड बसवला गेला. परदेशातल्या लढायांमध्ये, दुसऱ्यांच्या फौजांत गेलेल्या आणि परत न आलेल्या गावच्या मुलांसाठी. त्याची चर्चा गावात बरीच वर्षं चालली होती, असं मुलगी म्हणाली. दोन्ही बाजूंची घरं होती, जुनी दुखणी होती. जागा कुठली द्यायची यावरही वाद झाला. शेवटी जुन्या दगडापासून थोडं लांब, पण त्याच चौकात, अशी तडजोड निघाली. मामाचं नाव तिथं आलं.

मुलीनं फोनवरून तो कार्यक्रम आम्हाला दाखवला. मांजरीत भावानं तो टीव्हीवर लावला आणि आई खुर्ची पुढं ओढून बसली. तिथं बारीक पाऊस पडत होता. छत्र्या, काळे कोट, एक म्हातारा बाजा वाजवत होता. बाईंनी आपल्या आईची कविता म्हटली. माणसं माना खाली घालून ऐकत होती. टोपीच्या ओळीला पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आपली टोपी काढून छातीशी धरली, आणि मग एकेकानं काढली.

त्यानंतर बाईंनी माझ्या मुलीला पुढं बोलावलं. आम्हाला याची कल्पना नव्हती. बाईंनी सगळ्यांना थोडक्यात सांगितलं, की जिथं माझे मामा आहेत त्या देशातल्या एका बाईचा नवरा असाच परक्या मातीत राहिला, आणि तिची ही प्रार्थना आहे. मग पावसात उभी राहून, नातीचा हात धरून, माझ्या मुलीनं थोरलीची ओवी म्हटली. नातीला शेवटची ओळ पाठ होती, ती जोरात म्हणाली.

मी आईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चाल चुकली," ती म्हणाली. "पर म्हनली ना. बास झालं."

बाईंना मात्र ते तेवढ्यावर सोडवेना. थोरलीचा नवरा कुठं आहे, हे शोधायचं त्यांनी मनावर घेतलं. मी त्यांना त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव, जे माहीत होतं ते कळवलं. त्यांनी कुठं कुठं विचारणा केली. इटलीतल्या एका नदीकाठच्या स्मशानात, ज्यांचं दहन झालं किंवा ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा आपल्याकडच्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, असं त्यांना कळलं. पण तिथं आमच्या माणसाच्या नावाची बरीच माणसं निघाली. आमच्याकडं घरटी एक असावा असं ते नाव. इंग्रजी कारकुनानं प्रत्येक ठिकाणी ते वेगळं लिहिलेलं. गाव कुणाचंच दिलेलं नव्हतं, आडनाव तर नाहीच. त्यातला आमचा कुठला, हे सांगायला जगात आता कुणी उरलं नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, "सोडून द्या आता. इतकं केलंत, पुष्कळ झालं."

त्या वसंतात त्यांच्या चर्चची मंडळी इटलीला निघाली होती. त्या त्यांच्याबरोबर गेल्या आणि एक दिवस काठी टेकत, टॅक्सी करून, त्या स्मशानात जाऊन आल्या. तिथून त्यांचा फोन आला. उन्हानं तोंड लाल झालं होतं. निळा कोटच होता. त्यांनी मला सांगितलं, की त्या नावाच्या प्रत्येक माणसापुढं त्यांनी एकेक फूल ठेवलं आणि बाकी नावं हातानं चाचपत गेल्या. सगळीकडं फुलं पुरली नाहीत, याबद्दल त्यांनी माफी मागितली.

मी मांजरीला जाऊन आईला फोटो दाखवले. आमचा नेमका कुठला ते कळत नाही, हेही सांगितलं. वाटलं, तिला वाईट वाटेल.

"चालंल की," आई म्हणाली. "त्यातला एक आपला आसंल. बाकीचेबी कुनाचे तरी हायतच." तिनं फोन जवळ घेतला. दगडांच्या मागं एक उतार होता, त्यावर ओळीनं लावलेल्या वेली आणि त्यांच्यापलीकडं नदी.

"हे काय लावलंय?"

"द्राक्षं असतील."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. हे तिला नातवानं शिकवलंय. वेली, माती, पाटाच्या कडेला उगवलेलं गवत, सगळं तिनं हळूहळू सरकवत पाहिलं. रान बघायला आलेल्या माणसासारखं.

"जमीन बरी हाय," ती म्हणाली. "पान्यालाबी जवळ हाय."

मग तिनं फोन मला परत दिला आणि भावाच्या बायकोला हाक मारून म्हणाली, आज थोडी पुरणाची पोळी करू या, थोरलीच्या नावानं एक पान वेगळं वाढू या. सून म्हणाली, "आज काय आहे, आई?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "करू या."